४०,००० चौरस आणि टेलिफोनची डिरेक्टरी



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी एक प्रश्न पाठवला होता. त्यांचं म्हणणं असं, "सर, चौकोनाशेजारी चौकोन मांडायचे आणि तेही चिठ्ठ्या टाकल्यासारखे. मग त्यात चित्रकारानं केलं काय?" प्रश्नात थोडा राग आहे, आणि तो मला समजतो. म्हणून आज पुढच्या विषयाकडे जाण्याऐवजी याच प्रश्नापाशी थांबू या. एकच चित्र घेऊ आणि त्याच्याकडे जरा सावकाश पाहू.

पडद्यावर दिसतंय ते चित्र फ्रांस्वा मोरेले या फ्रेंच चित्रकाराचं आहे. साल १९६०. सध्या ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. आकार मोठा नाही, एक मीटरहून किंचित जास्त लांबी आणि तेवढीच रुंदी. त्यावर आडव्या-उभ्या रेषांची जाळी. एका ओळीत २०० चौरस आणि अशा २०० ओळी, म्हणजे एकूण ४०,००० चौरस. प्रत्येक चौरस सुमारे ५ मिलिमीटरचा, म्हणजे मुगाच्या दाण्याहून थोडा मोठा. रंग दोनच, लाल आणि निळा. चित्राचं नाव लांबलचक आहे. त्याचा अर्थ साधारण असा, की टेलिफोन डिरेक्टरीतल्या सम-विषम आकड्यांनुसार ४०,००० चौरसांची केलेली यादृच्छिक वाटणी. हे नाव म्हणजे जवळजवळ पाककृतीच आहे. चित्र कसं केलं ते नावातच सांगून टाकलंय.

पद्धत अशी. डिरेक्टरी उघडायची. घरातल्या माणसांनी आकडे वाचायचे. आकडा सम आला की चौरसावर खूण, विषम आला की चौरस रिकामा. पुढचा आकडा, पुढचा चौरस. असं ४०,००० वेळा. मग खूण असलेले चौरस एका रंगात आणि उरलेले दुसऱ्या रंगात रंगवायचे. मोरेलेचा जन्म १९२६चा, पश्चिम फ्रान्समधल्या एका छोट्या शहरातला. त्या शहराचं नाव आहे शोले. आपल्या सिनेमाशी त्याचा काहीही संबंध नाही, पण हा योगायोग लक्षात ठेवा, थोड्या वेळानं उपयोगी पडेल. घरचा खेळणी आणि बाबागाड्यांचा कारखाना होता, आणि अनेक वर्षं तो कारखाना सांभाळून हा माणूस चित्रं काढत होता. त्यामुळे एकच कृती हजारो वेळा करणं म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

आता पहिला प्रश्न. हे करावंसं त्याला का वाटलं?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पॅरिसमध्ये एका प्रकारच्या अमूर्त चित्रांचा बोलबाला होता. ब्रशचे जोरकस फटकारे, रंगांचे शिंतोडे. प्रत्येक फटकाऱ्यामागे चित्रकाराचं अंतरंग आहे असं गृहीत धरलं जाई. मोरेलेला या 'अंतरंगा'चा कंटाळा आला होता. त्याच्यासमोर दुसरी परंपरा होती. १९३०मध्ये थिओ व्हान डूसबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'काँक्रीट कले'चा जाहीरनामा काढला होता. त्यातला मुख्य मुद्दा असा, की चित्र हाताला लागण्याआधी ते मनात पूर्ण ठरलेलं असलं पाहिजे. मोरेलेनं याच्या पुढची पायरी गाठली. चित्र काढताना आपण घेतो ते लहान-लहान आवडीनिवडीचे निर्णय कमीत कमी किती करता येतील, हे त्यानं पाहायला सुरुवात केली. १९५२ साली तो स्पेनमध्ये ग्रानाडाला गेला आणि त्यानं अल्हाम्ब्रा महाल पाहिला. तिथल्या भिंतींवर एकच आकृती पुन्हा पुन्हा येत भिंतभर पसरते. तिला सुरुवात नाही, मध्य नाही, नायक नाही. या पुनरावृत्तीचा त्याच्यावर खोल परिणाम झाला.

योगायोगाची वाट मात्र त्याच्या आधी इतरांनी चालून पाहिली होती. १९१६-१७च्या सुमारास हान्स आर्पनं कागदाचे चौकोनी तुकडे योगायोगाच्या नियमांनुसार मांडल्याचं सांगत कोलाज केलं. तुकडे वरून टाकायचे आणि पडतील तिथे चिकटवायचे, अशी त्याची गोष्ट सांगितली जाते. पण ते कोलाज नीट पाहा. तुकडे एकमेकांवर चढलेले नाहीत, बरेचसे सरळ उभे आहेत, मध्ये अंतर राखून आहेत. अहो, कागद असे पडत नाहीत! आर्पनं थोडी मदत केलेली दिसते.

नंतर एल्सवर्थ केली हा तरुण अमेरिकन चित्रकार फ्रान्समध्ये राहत असताना आर्पला भेटला, आणि १९५१मध्ये त्यानं रंगीत कागदाच्या लहान चौरसांची आठ कोलाज केली. कोणता रंग कुठे, हे योगायोगावर सोपवून. त्याच वर्षीचं त्याचं 'सेन' नावाचं काळं-पांढरं चित्र मला विशेष आवडतं. सेन म्हणजे पॅरिसमधली नदी. कडेपासून मध्याकडे जाताना प्रत्येक उभ्या रांगेत काळे चौकोन एकेकानं वाढत जातात. किती वाढायचे हे नियमानं ठरलेलं, आणि रांगेत नेमके कुठे बसायचे हे चिठ्ठीनं. दुरून पाहिलं की पाण्यावर उजेड हलल्यासारखं वाटतं. केली आणि मोरेले यांची ओळखही होती.

आता मी माझ्या विषयाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे येतो. मोरेलेच्या चित्रात योगायोग नेमका आहे कुठे?

डिरेक्टरी ही काही बेशिस्त वस्तू नव्हे. नावं वर्णानुक्रमे लावलेली असतात. नंबरही कोणी डोळे मिटून दिलेले नसतात. कोणत्या एक्स्चेंजचा, कधी जोडलेला, याला कारणं असतात. म्हणजे नावांच्या क्रमाला कारण आहे आणि नंबरांनाही कारण आहे. मग त्यांच्या मिळून होणाऱ्या यादीत सम-विषम असे स्वैर कसे येतात?

याचं उत्तर मोरेलेच्याच देशातल्या ओग्युस्तँ कूर्नो या गणिती तत्त्वज्ञानं १८४३मध्ये दिलं होतं. तो म्हणतो, योगायोग म्हणजे कारणांचा अभाव नव्हे. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन कारणमालिका एका ठिकाणी येऊन भेटतात, त्या भेटीला आपण योगायोग म्हणतो. प्रत्येक मालिका आपापल्या जागी कार्यकारणानं बांधलेली असते. फक्त ती भेट कोणी ठरवलेली नसते.

खरं तर आपल्याला हे कूर्नोनं सांगायची गरज नव्हती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं आपण रोज म्हणतो. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा का बसला याला कारण आहे, तो दमला होता. फांदी का मोडली याला कारण आहे, ती आतून किडली होती. पण कावळ्याच्या दमण्याला आणि फांदीच्या किडण्याला जोडणारं तिसरं कारण नाही. शोले गावाचं नाव आणि आपला सिनेमा, हीसुद्धा तशीच गाठ. मोरेलेनं काय केलं, तर घरात आयत्या पडलेल्या पुस्तकातून अशा ४०,००० गाठी गोळा केल्या.

पुढे त्यानं डिरेक्टरीऐवजी पाय या संख्येचे दशांशही वापरले. तिथे तर गंमत आणखी वाढते. पायचा प्रत्येक अंक पूर्णपणे ठरलेला आहे, जगात कोणीही मोजला तरी तोच येणार. तरीही ते अंक पाहताना त्यात कसलाही क्रम हाताला लागत नाही. तेव्हा स्वैर दिसणं आणि ठरलेलं असणं यांचं वैर नाही, एवढं इथे नोंदवून ठेवू.

आता दुसरा शब्द, पुनरावृत्ती. एकदा नाणं उडवलं आणि छापा आला. यातून योगायोगाबद्दल काहीच कळत नाही. योगायोगाचा स्वभाव कळायचा तर तीच कृती, त्याच अटींवर, पुन्हा पुन्हा करावी लागते. म्हणून चौरस सारखे हवेत, रंग दोनच हवेत, जाळी काटेकोर हवी. बाकी सगळं स्थिर ठेवलं की जे बदलतं ते उठून दिसतं. रेडिओवर खरखर ऐकू यायला आधी खोली शांत असावी लागते, तसंच हे. भूमितीची शिस्त इथे योगायोगाच्या विरोधात उभी नाही. तिच्याशिवाय तो दिसलाच नसता.

थोडा हिशेब करू. घाबरू नका, साधा आहे. ४०,००० चौरसांत लाल किती असतील? अपेक्षा २०,००० ची. असे अनेक प्रयोग केले तर वीसपैकी सुमारे एकोणीस वेळा लाल चौरसांची संख्या १९,८०० ते २०,२०० या दरम्यान येईल. म्हणजे चित्र अर्धं लाल, अर्धं निळं दिसणार हे जवळपास पक्कं आहे. कोणी तोल सांभाळत बसलेलं नाही. तोल पुनरावृत्तीनंच आणून दिला.

पण आता जवळ जाऊन पाहा. २०० चौरसांच्या एका ओळीत कुठे तरी सलग सहा चौरस एकाच रंगाचे येण्याची जवळजवळ खात्री असते. सगळ्या चित्रात मिळून सलग बारा किंवा जास्त एकाच रंगाचे, असं आठ-दहा ठिकाणी तरी अपेक्षित आहे. दोन बाय दोनचे एकरंगी ठोकळे, एकमेकांत गुंतलेले धरून, सुमारे ५,००० निघतील. तीन बाय तीनचे सुमारे १५०. म्हणूनच चित्रात तुम्हाला लाल बेटं दिसतात, निळी खाडी दिसते, कुठे कुत्र्याचं तोंड दिसतं. मोरेलेनं यातलं काहीही काढलेलं नाही.

याच्या शेजारी बुद्धिबळाचा पट ठेवा. तोही अर्धा-अर्धा. पण त्यात दोन बाय दोनचा एकरंगी ठोकळा एकही नाही. आपण मनानं 'कसेही' रंग भरायला बसलो, तर आपला हात पटाच्या बाजूला झुकतो. चार लाल सलग आले की आपल्याला वाटतं, आता निळा भरू या, नाही तर हे मुद्दाम केल्यासारखं दिसेल. खरा योगायोग मुद्दाम केल्यासारखाच दिसतो. आर्पचा हात मदतीला का धावला असेल, हे यावरून कळतं.

इथपर्यंत ही गंमत वाटते. पण तिला एक गंभीर बाजू आहे.

१९४४मध्ये लंडनवर जर्मनीचे उडते बॉम्ब पडत होते. काही भागांत एकापाठोपाठ एक पडले, काही भाग वाचले. साहजिकच लोकांना वाटलं की शत्रू ठरावीक वस्त्यांवर नेम धरतोय. १९४६ साली आर. डी. क्लार्क नावाच्या विमा-गणितज्ञानं एक छोटासा लेख प्रसिद्ध केला. त्यानं दक्षिण लंडनच्या १४४ चौरस किलोमीटर भागाचे ५७६ सारखे चौरस पाडले आणि त्यांत पडलेले ५३७ बॉम्ब मोजले. २२९ चौरसांत एकही बॉम्ब नव्हता. बॉम्ब निव्वळ योगायोगानं पडले असते तर असे रिकामे चौरस किती असते? गणित सांगतं, सुमारे २२७. बाकीचे आकडेही असेच जुळले. त्या विभागात तरी वस्तीवर नेम धरल्याची काहीच खूण नव्हती. ज्यांची घरं गेली त्यांना मात्र हे कोण सांगणार? आणि सांगून पटणार कसं?

मी कॉलेजात असताना आमच्या घरात एका वर्षात तीन मृत्यू झाले. आजोबा वयानं गेले, काका अपघातात, आणि धाकटी आत्या तापानं. तिघांची कारणं वेगळी, एकमेकांशी संबंध नसलेली. पण शेजारपाजारी बोलू लागले, वास्तूत दोष आहे. कोणी म्हणालं, करणी आहे. सगळ्यात वाईट म्हणजे नुकत्याच लग्न होऊन आलेल्या माझ्या काकूकडे लोक वेगळ्या नजरेनं बघायला लागले. त्या वर्षी तिचाच नवरा गेला होता. शेवटी आम्ही ते घर सोडलं. काकू माहेरी गेली ती परत आली नाही. पुढे कितीतरी वर्षांनी मी हे चित्र पुस्तकात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं लक्ष एका कोपऱ्यातल्या तीन लाल चौरसांवर खिळलं. सलग तीन. असे सलग तीन त्या चित्रात हजारोंनी आहेत आणि त्यांतला एकही कोणाच्या पायगुणानं आलेला नाही. मला वाटतं, त्या दिवसापासून हे चित्र माझ्यासाठी नुसतं कलेच्या इतिहासातलं राहिलं नाही.

श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाचं कारण काय असेल याची चर्चा येते. काळ, स्वभाव, नियती असे पर्याय मांडले जातात, आणि त्यांत 'यदृच्छा' हाही शब्द आहे. उपनिषदाला तो पर्याय अखेर मान्य नाही. पण आपल्या पूर्वसूरींनी तो मोजून समोर ठेवला होता. आपण मात्र रोजच्या जगण्यात तो यादीतूनच काढून टाकतो.

पुन्हा चित्रकारांकडे येऊ. योगायोगाला किती जागा द्यायची, यावर मतं वेगवेगळी आहेत. मोरेलेची मैत्रीण वेरा मोल्नार ही मूळची बुडापेस्टची. वयाची शंभरी जवळ आली असताना २०२३मध्ये ती पॅरिसमध्ये वारली. १९६८पासून ती कॉम्प्युटरवर चित्रं करत होती. तिनं एकात एक बसवलेल्या चौरसांची जाळी घेतली आणि त्यात 'एक टक्का बेशिस्त' मिसळली. आमटीत चिमूटभर हिंग टाकावा तसा तिचा योगायोग मोजून टाकलेला असतो. तिला तो रुची आणण्यापुरता हवा असे, आणि परिणाम आवडला नाही तर ती प्रमाण बदलून पुन्हा करून पाहत असे.

गेरहार्ड रिश्टरचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २००७मध्ये जर्मनीतल्या कलोन कॅथीड्रलसाठी त्यानं काचेची प्रचंड खिडकी केली. ७२ रंग, ११,०००हून अधिक चौरस, आणि रंगांची मांडणी कॉम्प्युटरनं यादृच्छिक केलेली. चर्चमध्ये हुतात्म्यांची चित्रं अपेक्षित असताना हे आलं म्हणून तिथले आर्चबिशप नाराज झाले. हे मशिदीत अधिक शोभेल, असं ते म्हणाले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं वेगळंच आहे. रिश्टरनं खिडकीचा अर्धाच भाग योगायोगावर सोडला आणि उरलेला अर्धा आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटवून घेतला. काही ठिकाणी हातानं बदलही केले. म्हणजे पुनरावृत्ती दोन प्रकारची असते. मोरेलेची पुनरावृत्ती कृतीची आहे, तीत दरवेळी नवा योगायोग येतो. रिश्टरच्या आरशातली पुनरावृत्ती निकालाची आहे, एकदा पडलेलं दान तसंच्या तसं पुन्हा मांडलेलं. दान एकदा पडलं तर आपण त्याला योगायोग म्हणतो. तेच शेजारी पुन्हा दिसलं की आपण म्हणतो, यामागे कोणीतरी आहे.

आता मूळ प्रश्न. मोरेलेनं केलं काय?

त्यानं नियम केला. किती चौरस, कोणते दोन रंग, कोणतं पुस्तक, हे सगळं त्यानं ठरवलं. तिथे तो पूर्ण मोकळा होता. त्यानंतर त्यानं स्वतःला बांधून घेतलं. कल्पना करा, बाराव्या हजाराव्या चौरसापाशी तो बसलाय. समोर एक बोजड लाल डाग तयार होतोय, डोळ्याला खुपतोय. पुढचा आकडा पुन्हा त्याच रंगाचा आला. तिथे निळा भरला असता तर कोणाला कळलं असतं? कोणालाही नाही. आजही कोणी डिरेक्टरी घेऊन ताडून पाहणार नाही. त्यानं एक चौरस बदलला असता तरी चित्र डोळ्याला अगदी तसंच दिसलं असतं. पण मग ते एक चौरस स्वतःच्या आवडीनं भरणाऱ्या माणसाचं चित्र झालं असतं, आणि एक बदलणाऱ्यानं शंभर बदलले नसतील याची खात्री काय? तेव्हा चित्रकाराचं काम इथे रंग लावण्यात आहेच, पण त्याहून जास्त हात आवरण्यात आहे. ४०,००० वेळा आवरण्यात. मी आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं. कोणी तपासणार नसताना पाळलेल्या शब्दाचं याहून साधं उदाहरण वर्गात देण्यासाठी मला सापडलं नाही.

आणि उरलेलं काम आपलं. १९७१च्या एका लेखात मोरेलेनं कलाकृतीला सहलीच्या जागेची उपमा दिली. प्रेक्षकानं यायचं, आपापला डबा सोडायचा आणि स्वतः आणलेलंच खायचं. चित्रातली बेटं, खाडी, कुत्र्याचं तोंड, माझे तीन लाल चौरस, हे सगळं आपल्या डब्यातलं. चित्राकडे बघून "इथे काही नाही" म्हणणाऱ्यांनी आपला डबा उघडून पाहावा, असं मला नम्रपणे सुचवावंसं वाटतं.

जाता जाता एक गृहपाठ देतो. शिक्षकाची खोड, जात नाही! चौकटीच्या वहीत वीस बाय वीसचे दोन पट आखा. पहिल्या पटात मनानं, 'कसेही' चौरस काळे करा. दुसरा नाणं उडवून भरा. छापा म्हणजे काळा, काटा म्हणजे पांढरा. ४०० वेळा उडवावं लागेल, घरातल्यांना मदतीला घ्या. मग दोन्ही पटांत दोन बाय दोनचे एकरंगी ठोकळे मोजा, एकमेकांत गुंतलेलेही धरा. नाण्याच्या पटात साधारण ४५च्या आसपास यायला हवेत. मनाच्या पटात किती आले, ते मला जरूर कळवा. आणि भरताना मध्येच एखादं नाणं पलटवायचा मोह झाला का, तेही कळवा.